सुट्टीच्या दिवसाचा रंग

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

धाकट्या,

आणि सगळ्यात आधी कोण उगवलं असेल, सांग बरं? चष्मेवाला! ज्यानं आपल्या दुकानात कधी तोंड उघडलं नाही, पाव हवा तर बोटानं दाखवायचा, तो सकाळी सकाळी चार केळी घेऊन दारात उभा. माझी वेणीसुद्धा झाली नव्हती. म्हणतो कसा, "कसा आहे आपला लालबुंद?" म्हटलं, आत या आणि बघा. त्याच्या मागून मास्तरीणबाई, मग समोरची शिंपीण, तिची सासू, सासूची काठी. खुर्च्या संपल्या तशी दुकानातून मैद्याची पोती ओढून आणली आणि त्यांवर बसवलं एकेकाला. शिंपीण उठली ती मागून पांढरीफेक! मी सांगणार होते, पण थोरल्या सुनेनं माझा हात दाबला. तशीच गेली बाई रस्त्यानं मिरवत. लोकांचे कपडे नीट करते आणि स्वतःचं हे असं. मी इतकी हसले की दातांची कवळी काढून ठेवावी लागली.

तू म्हणशील, घरात लग्न निघालं की काय. नाही रे. थोरला इस्पितळातून घरी आला, त्याला बघायला ही गर्दी. काळजीचं काही नाही. पोटात कळ यायची त्याच्या, येऊन जायची, गेल्या आठवड्यात आली ती गेलीच नाही. अपेंडिक्स असेल म्हणून डॉक्टरांनी पोट उघडलं, आणि उघडलंच आहे तर बघू म्हणून बघितलं, तर आतड्याला एक गाठ सापडली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. तीही काढली, आणि तिच्याबरोबर वीतभर आतडं. आतडं केवढं तरी लांब असतं म्हणे, वीतभरानं काही अडत नाही. गाठ तपासायला पाठवली आहे.

पण तू त्याचा चेहरा बघायला हवा होतास. मास्तरीणबाई म्हणाल्या, "इस्पितळातून आलेलं माणूस पिवळं पडतं, आणि हा बघा, सफरचंद!" सगळे हसले, तोही हसला, आणि हसला तसा आणखी लाल झाला, पार मानेपर्यंत. मला असं भरून आलं की सगळ्यांना एकेक बिस्किट जास्त दिलं.

फोन केला तर तू उचलत नाहीस. पत्र निदान तुझ्या घरात तरी शिरतं. तुझा राग नेमका कुणावर आहे, थोरल्यावर, वडिलांवर की माझ्यावर, ते मला अजून समजलेलं नाही. वडील तर गेले. म्हणजे त्यांच्या वाटणीचाही आम्हा दोघांकडेच आला.

माझ्या धाकट्या सुनेला आणि तुझ्या छोटीला माझ्याकडून एकेक पापा. छोटीचे पुढचे दात पडलेत असं उडत उडत कानावर आलं. तिला सांग, तुझ्या आजीचेही पडलेत, आपण दोघी बोळक्या.

आई

बुधवार, १९ फेब्रुवारी

धाकट्या,

तपासणीचा निकाल आला. तो सांगायच्या आधी त्या इस्पितळाच्या खुर्च्यांबद्दल सांगते. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, एकानं पाय हलवला की पाचजण हलतात. माझ्या शेजारी एक लठ्ठ गृहस्थ होते, त्यांचा पाय काही थांबेना. तासभर मी झुलत होते पाळण्यात बसल्यासारखी. थोरला शेवटच्या खुर्चीत. मधेच उठायचा, संडासात जायचा, परत यायचा. मी म्हटलं, "इथंसुद्धा तुझं तेच?" तुला आठवतं ना, ट्रे उचलायची वेळ आली की हा गायब. तुझे वडील म्हणायचे, बेकरीतल्या सगळ्या कामांपेक्षा ह्याला संडासाची गोडी.

डॉक्टरीणबाई अगदी तरुण, पण धीरानं बोलतात. त्या गाठीचं नाव एवढं लांब की मी दोनदा विचारलं, शेवटी त्याच म्हणाल्या, "आजी, नावाचं सोडा." कॅन्सरच्याच जातीची आहे. हे वाक्य मी लिहून ठेवते आणि पुढं जाते, तूही पुढं जा. नेहमीच्या कॅन्सरसारखी धावत नाही, हळू चालते. आणि फार थोड्यांना होते, लाखात मोजक्यांना. मी घरी येऊन हे चष्मेवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे साधासुधा नाही, मानाचा आजार आहे." आता ह्याच्यावर मी रडायचं की हसायचं?

तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चेहरा असा किती वर्षं होतोय?"

थोरली सून म्हणाली, "असा म्हणजे कसा?"

"लाल."

हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, "अहो, तो भट्टीचा रंग! आमची बेकरी आहे. हा लहानपणापासून भट्टीसमोर. ह्याचे वडीलही असेच लाल होते, गिऱ्हाईक चेहरा बघून पाव न्यायचं." मग आलेच मी सुरात. वडिलांचे हात थरथरायला लागले आणि दोघांपैकी भट्टी कुणाला द्यायची हे ठरवायला त्यांनी तुम्हा दोघांना तिच्या तोंडाशी कसं उभं केलं, ते सगळं सांगितलं. "भट्टी अजून नीट तापलीसुद्धा नव्हती, तोवर हा लालेलाल! आणि धाकटा घामाघूम झाला तरी पांढरा तो पांढराच. बाप म्हणाला, हा भाजला, तो कच्चा. आणि पाव काढायचं फावडं ह्याच्या हातात दिलं."

थोरला खाली बघत होता. सून म्हणाली, "आई, पुरे." पण डॉक्टरीणबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि बेकरी बंद असते तेव्हा?"

"सोमवारी? तेच तर सांगते! ह्याच्या वडिलांचा रंग सोमवारी उतरायचा. ह्याचा उतरत नाही! जेवायला बसला की लाल, हसला की लाल, कुणावर ओरडला की लाल, मग भट्टी थंडगार का असेना. बाप म्हणायचा, पोरगं माझ्यावर ताण करून गेलं."

सांगून झालं. मी सुनेकडं बघितलं, ती भिंतीवरच्या चित्रातलं आतडं बघत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तो रंग भट्टीचा नाही. त्या गाठीचा आहे."

ती गाठ आतून काहीतरी सोडत असते, ते रक्तात गेलं की चेहरा तापतो, लाल होतो, आणि पोट चालतं. तेच ते संडासाला पळणं. दिवसातून किती वेळा, त्यांनी विचारलं तेव्हा थोरल्यानं जो आकडा सांगितला तो त्याच्या बायकोलाही माहीत नव्हता. आणि गाठ नुसती आतड्यात असेपर्यंत यकृत तो सगळा मैला गाळून टाकतं म्हणे, चेहऱ्यापर्यंत येऊ देत नाही. चेहऱ्यावर आला म्हणजे… पुढं त्या थांबल्या. स्कॅन करू म्हणाल्या.

बाहेर आलो. त्या जोडलेल्या खुर्च्यांवर पुन्हा बसलो. ह्या खेपेला कुणी पाय हलवत नव्हतं. आणि थोरला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "धाकट्यानं विचारलं होतं बघ."

मला आठवेना. मग आठवलं. त्या दिवशी तू एप्रन काढून पोत्यावर फेकलास आणि म्हणालास, "सोमवारी पण हा लाल असतो! भट्टी काय खिशात घालून हिंडतो?" वडील म्हणाले, भावावर जळतोस. तू गेलास.

आज एवढंच. हात दुखतो.

आई

शनिवार, १ मार्च

धाकट्या,

स्कॅन झालं. यकृतात आहे. किती ठिकाणी, मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोजण्यात अर्थ नाही. मला वाटलं, मोजण्यात अर्थ नाही म्हणजे कमी असतील. सुनेनं घरी आल्यावर समजावलं.

कापून सगळं निघणार नाही. महिन्याला एक इंजेक्शन, कुल्ल्यात, जाड सुईचं. त्यानं गाठींचं ते सोडणं कमी होतं, लाली कमी होते, पोट धरतं, आणि वाढही मंदावते. पुढं आणखी औषधं आहेत, किरणांचं एक औषध आहे, त्याचं नंतर बघू म्हणाल्या. सुनेनं सरळ विचारलं, "किती वर्षं?" मी तिच्याकडं बघतच राहिले, असं कुणी विचारतं का तोंडावर! पण विचारलं ते बरं केलं, मला विचारता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्या आजारात यकृतापर्यंत गेलेले काही जण पाच वर्षं काढतात, काही दहा, काही त्याहून जास्त. काही नाही काढत. हे कुणात आहेत ते मला आज सांगता येत नाही. खोटं सांगणार नाही."

मी म्हटलं, "बाई, माझी जी काही उरली असतील ती ह्याला लावता येतात का?"

म्हणाल्या, "आजी, तसलं इंजेक्शन अजून निघालं नाही."

थोरला हसला. लाल झाला. आणि आम्ही दोघींनी एकदम मान दुसरीकडं वळवली.

हळू आहे, हळू आहे, असं सगळे सांगतात. मी त्या शब्दाला धरून बसते. रात्रीचं पीठ थंड जागेत ठेवलं तर हळू फुगतं, हे तुला मी सांगायला नको. पण मी जन्मभर पीठ बघितलंय. हळू फुगणारं पीठ फुगायचं राहिलंय, असं मी एकदाही बघितलं नाही. हा विचार आला की उठून भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. सून म्हणते, पातेल्याला भोक पडेल.

शिंपीण आली होती. तिला त्या दिवशीचं मैद्याचं कळलंय, तिच्या सासूनंच सांगितलं. माझ्याशी अबोला धरून बसायला आली होती. पण अबोला तिला झेपत नाही, थोड्या वेळानं बोललीच. म्हणाली, "रंग बघून तर वाटत नाही हो." पूर्वी हे वाक्य मला पेढ्यासारखं गोड लागायचं.

आई

बुधवार, १२ मार्च

धाकट्या,

घरात आता कुणी विनोद करत नाही. मीसुद्धा. जेवताना हळू बोलतो, वरणात तिखट नाही, कुणी मोठ्यानं हसत नाही. हसला की तो लाल होतो, आणि लाल झाला की सून ताटात बघते, मी पाणी आणायला उठते. पाणी कुणी मागितलेलं नसतं.

काल तो वैतागला. म्हणाला, "माणूस जिवंत आहे अजून, आत्ताच काय मौन पाळताय?" ओरडला तसा लाल झाला. मी पुन्हा पाणी आणलं.

कमरेचा पट्टा सैल झालाय, त्याला आणखी एक भोक पाडलं. फावडं उचलत नाही त्याच्याच्यानं. दोघं कामगार भट्टी बघतात, पाव खालून करपतो, गिऱ्हाईक उलटून बघतं आणि मुकाट्यानं घेऊन जातं. हे मुकाट्यानं नेणं मला सोसत नाही. भांडावं की माणसानं.

मला काही करता येत नाही रे. त्याला ताप असता तर कपाळावर पट्टी ठेवली असती. पाय दुखत असते तर चेपले असते. हा आजार असा की वरून हात लावायला जागाच नाही. दोन घास खातो आणि पळतो. मी दाराशी उभी राहते, त्याला ते आवडत नाही, मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

काल संध्याकाळी मी तुला लिहायला बसले तर विचारलं त्यानं, काय लिहितेस. म्हटलं, काही नाही, इकडचं तिकडचं. म्हणाला, "त्याला लिही, भट्टी खरंच खिशात होती. म्हणावं, ये आणि पुन्हा चिडव. इथं मला कुणी चिडवत नाही."

तो बोलला तसं लिहिलं. माझं एक अक्षर घातलं नाही.

आई

रविवार, ६ एप्रिल

धाकट्या,

अरे, सगळ्यात आधी आला तो एक बूट! दार उघडं होतं, मी मटार सोलत होते, आणि एक लाल बूट उडत आला तो थेट मटारांच्या परातीत. मागून बाईचा आवाज, "अगं, उंबऱ्यात काढायचे, फेकायचे नाहीत!" आणि मी वर बघते तर दारात बोळकी! दुसरा बूट पायात, एक पाय वर. मला म्हणते, "तू आजी आहेस का?" मी म्हटलं, "दात मोज." मी कवळी काढली. तिनं तोंड उघडलं. पटली ओळख.

सहा वर्षांची झाली आणि मी आज पहिल्यांदा हातात धरली. तिच्या कानामागं तुझ्यासारखाच तीळ आहे, तुला माहीत होतं का? असणारच. मला नव्हतं ना.

धाकटीला मी काहीच विचारलं नाही, तिनंच सांगितलं. तिकिटं तू तीन काढलीस. बसमध्ये बसलास, खिडकीशी. आणि बस सुटायच्या वेळी खाली उतरलास, म्हणालास, तुम्ही व्हा पुढं. बोळकी खिडकीतून ओरडत राहिली. मी धाकटीला म्हटलं, असू दे, चढला तरी होता.

आता थोरल्याचं ऐक. तो आतल्या खोलीत पडून होता. दोन इंजेक्शनं झालीत, लाली कमी झालीय, पण गेलेली नाही. आवाज ऐकून उठून आला. त्याला बघितल्यावर धाकटीचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं, त्यानंही पाहिलं. तुझ्या आठवणीतला तो नाही. गाल बसलेत, पोट तेवढं पुढं आलंय. सून म्हणाली चहा टाकते, मी म्हटलं मी टाकते, दोघीही उठलो.

बोळकी त्याच्यासमोर जाऊन उभी. वर मान करून बघत होती. तिला बघून तो हसला, आणि हसला तसं सुरू झालं: आधी गाल, मग कपाळ, मग कान, मग गळा. मी पाण्याचा तांब्या उचललासुद्धा.

पोर म्हणाली, "काका, तुम्ही सिग्नल आहात का?"

धाकटीनं तिचा दंड धरला. पण ती कसली थांबते! "मम्मी, बघ ना, आता थांबायचं, आता हिरवा झाला की जायचं. काका, हिरवे कधी होता?"

थोरला जो हसायला लागला! भिंतीला धरून हसला, पोटाच्या टाक्यांना हात लावून हसला, डोळ्यांतून पाणी. "बापावर गेलीय गं, अगदी बापावर," म्हणाला. लालेलाल झाला, इतका की पूर्वी गिऱ्हाईक बघायला थांबायचं तसा. आणि ह्या वेळी आमच्यापैकी कुणी मान वळवली नाही. सून हसली, मी हसले, तांब्या कलंडला, मटार भिजले. हसण्यानं गाठ वाढत नाही असं डॉक्टरीणबाईंनी मागंच सांगितलं होतं, पण आम्हालाच धीर होत नव्हता. हसून हसून तो घाईनं संडासाकडं गेला. दार लागलं. बोळकीनं विचारलं, "काका परत येणार ना?" धाकटी म्हणाली, "येणार गं, आत्ता येतील." मी मटार निवडत बसले. आलाही तो, बऱ्याच वेळानं, पांढरा पडलेला. पोरगी म्हणाली, "हं, आता तुम्ही पप्पांसारखे दिसता."

धाकट्या, त्यावर तो हसला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

जेवणं झाली. जाताना बुटाला मटाराचा वास येतो म्हणून बोळकी रुसली, तिला दोन बिस्किटं जास्त दिली. ती तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत, वाटेतच संपली असतील. थोरला दारापर्यंत आला, चौकट धरून उभा राहिला. धाकटीला म्हणाला, "पुढच्या वेळी तिसरं तिकीट वाया घालवू नका." तिनं मान हलवली. हो अशी की नाही अशी, मला कळलं नाही. तो वळून आत गेला तेव्हा त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

मी विचारलं, आता परत कधी? पोरीच्या शाळेला सुट्टी लागते आहे म्हणाली.

सुट्टी लागली की दोघी सोमवारी येतो म्हणाल्या. त्या दिवशी भट्टी बंद असते.

आई